सुई कुठं थांबवायची

माझे यजमान विमानदलात इंजिन मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर नोकरी लागली आणि आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी दवाखान्यात नर्स होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं.

येताना त्यांनी मुठीत मावेल एवढं एक इंजिन आणलं होतं. त्याच्यासाठी हलक्या लाकडाचं विमान बनवलं, खाली उभं राहून रेडिओ-रिमोटने चालवायचं. इंधनही तेच तयार करायचे, मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून. तो वास माझ्या पातळांना कायमचा चिकटला.

त्या हिवाळ्यात विमान काही टिकेना. जमिनीवर इंजिन सुरू व्हायचं आणि वर गेलं की बंद पडायचं. पडून पंख मोडला की आठवडाभर चिकटवाचिकटवी. त्यांनी कार्बुरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, नळी बदलली. फरक पडला नाही.

एका रविवारी मी रात्रपाळी करून आले आणि ते दारातच उभे. मदतीला येणारा त्यांचा कारखान्यातला सोबती गळीत हंगामामुळे कामावर होता. विमान धरायला ये म्हणाले. मला फक्त झोपायचं होतं. पण नाही म्हणायलाही त्राण लागतं. गेले.

ऊस तुटून गेलेल्या रानात मी शेपटीजवळ बसले. इंजिन सुरू झालं, पांढरा धूर निघाला, तेलाचे शिंतोडे हातावर आले. ते पंखामागे बसून कार्बुरेटरची सुई हळूहळू आत फिरवू लागले. सुई आत गेली की इंधन कमी होतं. आवाज आधी जाड, घोगरा होता. मग मोकळा झाला, चढला. मला वाटलं, आता थांबतील. ते फिरवतच राहिले. आवाज चिरका झाला, थरथरला. मी ओरडले, तर ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

"अहो, आवाज एवढा चिरकला, तरी फिरवत होतात?"

"चिरकला? कधी?"

त्यांनी हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"बारीक आवाज मला येत नाही," ते म्हणाले. "विमानदलात असतानाच इंजिनांच्या आवाजाने कान गेले. हळूहळू जास्तच जातायत."

कारखान्यात सांगितलं असतं तर टर्बाइनवरून काढलं असतं, म्हणून गप्प राहिले होते. घरात ते हल्ली कमी बोलतात, हे मी नोकरीच्या थकव्यावर ढकललं होतं. मी स्वतःही थकलेलीच होते. त्या रानात मला ना राग आला, ना रडू.

"तू ऐकशील का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी समजावलं. आवाज चढायचा थांबला, की त्यांचा दंड दाबायचा. तिथून ते सुई थोडी मागे घेणार, म्हणजे वर चढताना इंजिन कोरडं पडणार नाही. एका हाताने विमान आणि दुसऱ्याने त्यांचा दंड धरून मी डोळे मिटले. डोळे उघडे ठेवायची ताकद नव्हतीच. आवाज चढला, चढला, एका जागी स्थिर झाला. मी दाबलं आणि डोळे उघडले. त्यांनी सुई मागे घेतली आणि विमानाचं नाक आभाळाकडे करून माझ्याकडे पाहिलं. आवाज पडला नाही. मी मान डोलावली.

त्या दिवशी विमान पूर्ण टाकी संपेपर्यंत उडालं आणि चाकांवर उतरलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी साहेबांना आपण होऊन सांगितलं. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. तिथे नटबोल्ट देत बसणं त्यांना कधीच रुचलं नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही. माझा मात्र रविवार गेला. पुढचे दोन-तीन हिवाळे, ड्यूटी कोणतीही असो, मी त्या रानात जाऊन बसत होते. परतताना ते मोपेड हळू चालवायचे, पंख सोडवलेलं विमान माझ्या मांडीवर असायचं, आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकून मी कॉलनी येईपर्यंत झोपत असे.