सीटखालचा खर्ज

एडवर्ड सर कुठलंच काम दुसऱ्याला देत नाहीत. गणित शिकवून निवृत्त झाले, तरी नळ, मिक्सर, शेजाऱ्यांचे पंखे सगळं स्वतः खोलणार आणि वर आमचंच काय चुकलं ते आम्हाला सांगणार. मी त्यांचा जुना विद्यार्थी. चर्चच्या गायनवृंदात वीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलोय, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

यंदा नवा गायनप्रमुख मर्विन त्यांना म्हणाला, "सर, तुमचा सूर उतरतो. येत्या गुड फ्रायडेला तुम्ही बसून ऐका." त्या दिवशी ऑर्गन वाजत नाही, नुसत्या गळ्यावर गायचं असतं. सर भडकले. मर्विनला त्यांनी नववीत नापास केलं होतं, म्हणजे हा सूडच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गेल्या गुड फ्रायडेचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होतं. पण गाडीच्या दारांतल्या बारक्या स्पीकरमधून नुसते बायकांचे आवाज येत, सरांचा खर्ज कुठेच नाही. "मर्विनला गाडीत बसवून ऐकवतो माझा सूर," म्हणत ते बोळिंजच्या दुकानातून सीटखाली मावणारा छोटा सबवूफर, म्हणजे नुसते खालचे सूर वाजवणारा स्पीकर, घेऊन आले.

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. सरांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. मग जाड तार बॅटरीपासून गालिच्याखालून आत आणली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, मागच्या स्पीकरच्या तारांतून आवाज घेतला. मी टॉर्च धरून होतो. तोही मला धरता येत नाही, असं ते चार वेळा म्हणाले.

सगळं जोडून गाडी सुरू केली, तर सीटखालून घूंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी चढायचं. सबवूफरच खराब दिला, असं सरांनी जाहीर केलं. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी, लुसी आंटी, मान वर न करता म्हणाल्या, "अर्थिंगची तार रंगावर लावली नाहीस ना?"

सरांनी सीटच्या बोल्टखालचा रंग खरवडून तार पुन्हा आवळली. घूं थांबलं. आभार वगैरे मानायची त्यांना सवय नाही.

मग आम्ही तिघं गाडीत बसलो. आंटीही वृंदातल्याच, त्या पुढे बसल्या, मी मागे. गाणं लागलं आणि खर्ज सीटमधून थेट पाठीत चढला. "हा बघ! हा मी!" सर लहान मुलासारखे ओरडले. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या कडव्यात तो आवाज हळूच खाली सरकला. सरांनी गाणं थांबवलं. पहिली ओळ लावली, मग शेवटची. परत पहिली, परत शेवटची. मर्विन खरं बोलला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी उतरलो, मान्य," सर म्हणाले. "पण माझ्यामागून सगळेच उतरलेत. हा स्टॅनी, ही तू. ऐन गाण्यात तुम्हाला कळत होतं ना?"

"कळायचं की," आंटी म्हणाल्या. "दर वर्षी कळायचं."

"मग तुम्ही का उतरलात?"

मी, स्टॅनी, मागे टॉर्च चालू-बंद करत बसलो. आंटींनी पदराला चिकटलेलं शेंगेचं साल झटकलं.

"तुला एकट्याला खाली कसं सोडायचं?"