कॅसेट खेचतेय

आम्ही वाशीत नवीन राहायला आलो तेव्हा रस्ते रुंद होते, गाड्या कमी होत्या आणि मी बेचाळिशीची अतिशहाणी होते. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांवर छाप पाडायला पहिल्याच दिवशी शास्त्रीय गाण्यांची कॅसेट घेऊन गेले. "गाडी चालवताना मला हेच लागतं," असं वर ऐकवलंही. गाडी तर आयुष्यात चालवली नव्हती!

मास्तर शेजारच्या बोनकोडे गावचे. मांडीवर रुमाल अंथरून शेजारी बसायचे आणि पाय कायम त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर. गाडीतल्या टेपवर माझी कॅसेट लावायचे आणि शिकवणी संपली की रोज विचारायचे, "म्याडम, आता कंचं गानं वाजलं?"

मला एकदाही सांगता आलं नाही. स्टिअरिंग हातात आलं की माझे कानच बंद व्हायचे.

"गानं ऐकू येत नाय म्हंजे गाडी अजून आली नाय," मास्तर म्हणायचे. "तोवर लायसनच्या परीक्षेला नेनार नाय."

माझ्यामागून आलेल्या दोघी लायसन घेऊन गेल्या. मी आपली तिथेच.

एका सकाळी सेक्टरच्या सर्कलला वळताना माझ्या तोंडून सहज निघालं, "अहो मास्तर, कॅसेट खेचतेय, सूर कसा ओढल्यासारखा येतोय! टेपचं हेड पुसा की जरा."

मास्तरांनी ब्रेकवरचा पाय उचलला, चपला काढल्या आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

मग त्या सर्कलला मी उगाचच आणखी दोन फेऱ्या मारल्या.