हिरवीतली पुढची जागा

आष्ट्याच्या मोटार स्टँडवर नेमिनाथ चौगुल्यांचं किराणा दुकान होतं, पण दुकानदार म्हणून त्यांची ओळख कुणी सांगत नसे. हिरवीचे नेमाण्णा म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवायचं. हिरवी म्हणजे सयाजी चालवायचा ती सांगलीला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार. तिच्या उरावर गुंडा ड्रायव्हरची लाल मोटार होती. दोन्ही एकाच वेळी सुटायच्या आणि वाटेवरचं गिऱ्हाईक आधी उचलायला जिवाच्या आकांतानं पळायच्या. यावरून गावात सरळ दोन तट पडले होते. सोयरीक जमवतानासुद्धा लोक आधी चौकशी करत, पावणे लालचे की हिरवीचे? खोटं वाटत असेल तर वाटो.

पावसाळ्यात त्या वाटेवर चिखलाचा असा राडा व्हायचा की दोन्ही मोटारी शेडात बसून राहायच्या. हंगाम उघडायचा दसऱ्याला. त्या दिवशी जी मोटार आधी सांगलीचा पूल ओलांडील, तिच्या माणसांनी वर्षभर मिशीला पीळ द्यायचा आणि दुसऱ्यांनी खाली मान घालून चहा प्यायचा.

हिरवी गावात आली तेव्हापासून दसऱ्याला तिला हार घालायचा तो नेमाण्णांनी, नारळ फोडायचा तो नेमाण्णांनी, आणि सयाजीशेजारच्या पुढच्या जागेवर बसायचं तेही नेमाण्णांनीच. उभ्या जन्मात त्यांनी मोटारीच्या चाकाला हात लावला नव्हता. पण चढ आला की मोटारीला भार नको म्हणून ते बूड उचलून धरत. बैल आडवा आला की यांचाच पाय आधी खालच्या पत्र्यावर दाबला जाई. सयाजी आपला गालातल्या गालात हसायचा. बोलायचा फार तर एवढंच, "अण्णा, बसा." या दोन शब्दांवर नेमाण्णांचं अख्खं वर्ष निघायचं.

आणि मग जर्मनची लढाई संपली, आणि दादासो परत आला.

हा दादासो फौजेत लॉऱ्या चालवायचा. मिसर देशाच्या वाळूत त्यानं म्हणे चाकं रुतलेल्या लॉऱ्या बाहेर काढल्या होत्या. सयाजीला त्यानं काय भुरळ घातली देव जाणे, पण श्रावण-भादव्यात दोघं रोज शेडात बॉनेट उघडून आत डोकं घालून बसायला लागले. नेमाण्णा चहा घेऊन गेले तर, "ठेवा तितं," म्हणायचा सयाजी, वर मानसुद्धा न करता. बरं, दादासोला नावं ठेवावी तर माणूस सज्जन. विडी नाही, शिवी नाही, दिसेल तिथं "रामराम अण्णा" करायचा. त्यानं तर नेमाण्णांचा जास्तच जळफळाट व्हायचा. वाईट असता तर निदान चारचौघांत बोलता आलं असतं.

दसऱ्याच्या सकाळी नेमाण्णांनी धुतलेलं धोतर, कोट, पटका असा थाट केला. आपल्याच परड्यातल्या झेंडूचा हातभर लांब हार घेतला. राजमतीबाई दारातून म्हणाल्या, "आवं, माझ्या म्हायरला जाताना कवा एवढं नटला न्हाईसा!"

"गप ग. हंगामाचा पैला दिस हाय."

स्टँडवर आले तर हिरवीच्या गळ्यात हार आधीच पडलेला. नारळ दादासोच्या हातात. सयाजी पुढं येऊन म्हणाला, "अण्णा, औंदा नारळ दादासोच्या हातनं. मरणाच्या दारातनं आलाय गडी. त्यो पुढं बसंल, तुमी मागं बसा की."

"व्हय व्हय, बराबर हाय," नेमाण्णा म्हणाले आणि हसलेसुद्धा. आत मात्र असा भडका उडाला होता की नारळ फुटल्याचा आवाजही त्यांना आला नाही. दादासो चढला, पुढच्या जागेवर बसला आणि त्यानं कोपर बाहेर काढून ठेवलं. त्या पत्र्यावर एवढी वर्षं नेमाण्णांचं कोपर असायचं.

झेंडूचा हार त्यांनी तिथल्याच एका म्हशीच्या गळ्यात टाकला आणि ताडताड चालत जाऊन ते लाल मोटारीत चढले.

सगळा स्टँड वळून बघायला लागला. गुंडा ड्रायव्हर स्वतः खाली उतरून आला. "अण्णा, वाट चुकला का काय?"

"तिकीट फाड," नेमाण्णा म्हणाले.

मग काय, लालच्या माणसांनी आरोळ्या ठोकल्या. हिरवीचा खांबच आपल्यात आला म्हणून त्यांना गुंडाच्या शेजारी पुढं बसवलं. नेमाण्णा मुद्दाम तोंड बाहेर काढून बसले, सयाजीनं बघावं म्हणून. बघून त्याच्या काळजात कळ उठावी म्हणून. सयाजी दादासोनं दाखवलेलं काहीतरी वाकून बघत होता.

मोटारी सुटल्या. तुंगापर्यंत लाल पुढं होती, कारण हिरवी कडब्याच्या गाडीमागं अडकली. बांधाबांधावर माणसं उभी होती, पटके उडत होते. दिग्रज जवळ आलं आणि मागून हॉर्न वाजला. डोळे मिटूनही नेमाण्णांनी तो ओळखला असता. हिरवी गाडीवाटेनं शेतात उतरली होती आणि धुरळ्यातून वर येत होती. बरोबरीला आली. आधी दादासोचं कोपर दिसलं, मग सयाजीचा ओठ आवळलेला चेहरा. नेमाण्णांच्या तोंडून किंकाळीच निघाली, "दाब सयाजी! दाब गड्या! सोडू नगंस!"

हिरवी पुढं निघून गेली. लाल मोटारीत असा कालवा उठला की विचारू नका. गुंडानं रागाच्या भरात करकचून ब्रेक मारला. "शर्यत गेली खड्ड्यात. पैलं ह्येला खाली घाला!" दोघांनी नेमाण्णांना काखेत धरून वाटेवर उभं केलं आणि लाल भुर्रकन निघून गेली.

पटका सावरत नेमाण्णा चालू लागले. वळण ओलांडलं आणि थबकले. पुढं हिरवी उभी होती! भरल्या शर्यतीत, वाटेच्या कडेला, थांबलेली. लाल केव्हाच पुढं गेलेली. सयाजीनं बघितलं तर! आपल्याला उतरवलेलं त्यानं बघितलं आणि थांबला! नेमाण्णा धोतराचा सोगा हातात धरून पळाले आणि मागच्या दारानं चढले. ते चढायला आणि मोटार हलायला एकच गाठ पडली. मागच्या माणसांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसले ते धापा टाकत चढणारे अण्णा.

"ह्या म्हाताऱ्यापायी घात झाला!" कुणीतरी ओरडलं. मग पूल येईपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. नेमाण्णा खाली मान घालून बसले होते. पण कुणी त्यांना तेव्हा हत्तीवरून मिरवलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. दादासोसाठी थांबला असता का सयाजी? नाव नको.

सांगलीत लालवाले गुलाल उधळत होते. हिरवीच्या माणसांनी उतरताच नेमाण्णांना घेरलं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि शक्य तेवढ्या मोठ्यानं, म्हणजे पुढं ऐकू जाईल असं, म्हणाले, "गुन्हा माझा हाय. माझ्यासाठनं थांबला त्यो. काय मारायचं ते मला मारा."

गर्दीतून दादासो आत आला. "अण्णास्नी कशापायी बोलतासा? मोटार म्या थांबवाय लावली. इंजनात आवाज आला मला, म्हून उतरून नीट केलं. तसंच दामटलं असतं तर इंजन फुटलं असतं."

"खरं हाय," मागून सयाजी म्हणाला. त्यानं दादासोच्या खांद्यावर हात टाकला. "ह्यो नसता तर औंदाचा हंगाम आजच संपला असता."

राग कुठल्या कुठं पळाला. माणसं दादासोभोवती जमली, कुणी त्याची पाठ थोपटली, आणि सगळे त्याला घेऊन चहाच्या हाटेलाकडं वळले. जिंकण्यातला वाटा सकाळीच गेला होता. आता हरण्यातलासुद्धा त्यानंच नेला. नेमाण्णांना वाटलं, दादासोनं आपल्याला भर बाजारात चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाता जाता सयाजीची नजर त्यांच्यावर पडली. तो थांबला. "अण्णा! तुमी बी आलाय व्हय? कवा चढला?"

"मगाशी," नेमाण्णा म्हणाले.

"मला वाटलं, औंदा आलाच न्हाईसा," सयाजी म्हणाला आणि दादासोला गाठायला भराभरा पुढं गेला.