पदरातला भंडारा

खोटं कशाला बोलू, देवापुढं हात जोडले तरी माझ्या पोटात तेव्हा जळतच होतं. नवऱ्याची दारू सुटली की बाईनं पेढे वाटावेत; मी मात्र ज्यांनी ती सोडवली त्यांच्यावर जळत बसले होते. पंधरा वर्षं मी रविवार धरले, अनवाणी चालले, बिरोबापुढं नाक घासलं. सहा वेळा ह्यांच्याकडून बेलभंडारा उचलून घेतला. आमच्या सांगोल्याकडं देवाची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ह्यांची रेघ कधी आठ दिवस टिकली, कधी पोळ्यापर्यंत. शेवटी दवाखान्यात सलाइन चालू असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसानं ह्यांना एक पत्ता दिला. सोलापुरातच, आमच्या घरापासून जवळ, एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेली माणसं रोज संध्याकाळी एकत्र बसतात म्हणे. हे तिथं गेले, आणि चार महिने झाले तरी थेंबाला शिवले नव्हते.

आनंद झाला नाही असं नाही. पण सहा वाजले की हे दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. माझ्याबरोबर लग्नकार्याला जाताना कधी इस्त्री आठवली नव्हती! तलफ आली की फोन तिथल्या कुणा भाऊंना लागायचा. मी तिथंच दोन हातांवर कडक भाकऱ्या थापत बसलेली, तर माझ्याकडं नजरसुद्धा नाही. भाऊंशी बोलताना हे चक्क हसायचे. तेव्हा मी बिरोबालाही सोडलं नाही. म्हटलं, "उपास माझे आणि पावलास त्यांना? बरा देव हायस की!" त्यात शेजारीण सांगत आली, त्या शाळेच्या दारात एक बाई उभी असते, तुमच्या ह्यांच्याशी बोलते. झालं, आगीत तेल पडलं.

त्या संध्याकाळी मी देव्हाऱ्यातला भंडारा आणि बेलाचं पान पदराच्या गाठीत बांधलं आणि ह्यांच्या मागोमाग निघाले. सगळ्यांसमोर ह्यांना सातव्यांदा शपथ घ्यायला लावायची होती. जन्मभर पिणार नाही, आणि उद्यापासून इथं येणारही नाही. नवरा माझा आणि देवही माझा, हे त्या लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच माझा हट्ट होता.

दारात ती बाई होतीच. पन्नाशीची, हातात चहाची किटली. मी भांडायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "या ताई, बसा आत. आज घरच्यांचा दिवस हाय." तिथं घरच्या माणसांना महिन्यातून एकदाच बसू देतात, हे मला कुठं ठाऊक? दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला कुणी आत सोडलं नसतं, आणि दारातच तमाशा करून मी होतं तेही घालवून बसले असते. तो दिवस मी निवडला नव्हता. कुणी निवडला, ते मी आजवर कुणाशी वाद घालून सांगितलेलं नाही.

मी मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं हे बोलायला उभे राहिले. मी आलेय हे त्यांना माहीत नव्हतं. ते काय बोलले हे त्यांच्या परवानगीनंच लिहिते आहे.

"मी बायकोपुढं सहा बार बेलभंडारा उचलला. उचलताना खोटा नव्हतो. पर जल्माचं ओझं एकदम डोक्यावर घेतलं की दुसऱ्या दिवशीच पाय लटपटायचं. शपथ मोडली की देवाचं भ्या आणि तिची लाज. ते विसरायला परत प्यायचो. म्हणून तलफ आली की तिला सांगत न्हाय, ती लगीच भंडारा आणती. हितं निस्तं आजच्या दिवसाचं इचारत्यात."

पदरातली गाठ मला निखाऱ्यासारखी लागायला लागली. मी ती मुठीत दाबून धरली.

नंतर त्या बाईनं माझ्या हातात चहा दिला. सगळे त्यांना अक्का म्हणत. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मी विचारलं, "तुमचे मालक यातले कोणते?"

"माझे मालक गेले की, ताई. दारूनंच गेले. मी लई हाता-पाया पडले, पण ते ह्या दारापर्यंत कधी आलेच नाहीत. म्हणून मी येते, चहा करते." मग ह्यांच्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "तुमचे मालक इस्त्री करून येतात. खरं सांगते, मला तुमचा लई हेवा वाटतो."

एवढं बोलून त्या किटली घेऊन पुढं गेल्या. मी मात्र चहाचा कप हातात धरून हुंदके देत बसले. मग ह्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं उभी राहिले. म्हटलं, देवा, तू कुणाच्या हातून द्यायचं ते मी ठरवत होते, माझं चुकलं. गाठीतला भंडारा काढला. ह्यांनी तो पाहिला, आणि सवयीनं, सातव्यांदा हात पुढं केला. मी त्यांची मूठ मिटवली आणि भंडारा त्यांच्या कपाळाला लावला. शब्द मागितला नाही.

मत्सर एका दिवसात जात नाही. भाऊंचा फोन आला की अजूनही पोटात बारीक कळ उठते. पण सहा वाजता शर्टाला इस्त्री आता मी करते.