हातांच्या अंतरावरचे लोखंड

मी नानांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते दोन्ही हात पसरून जळगावच्या एका पिठाच्या गिरणीत फिरत होते. मी पुण्याहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आणि वायरिंगची परीक्षा देऊन आले होते. तीन ठेकेदारांनी माझे कागद न वाचताच मला परत पाठवले होते. चौथे नाव श्री. सीताराम वाणी, म्हणजे नाना, यांचे होते, आणि ते गिरणीत आहेत असे कळल्यामुळे मी थेट तिथे गेले.

गिरणीवाला दारात उभा राहून हसत होता. "नाना, कोणले मिठी मारतस? आंगले पीठ लागी जाई!"

नाना हसले नाहीत. त्यांचा डावा हात मोटरच्या सांगाड्यावर होता. उजवा त्यांनी भिंतीतल्या पाण्याच्या नळाकडे ताणला. बोटे नळाला टेकली. "लागतो," असे स्वतःशीच म्हणून त्यांनी मोटरवर आणि नळावर खडूने खूण केली. मग माझ्याकडे वळून विचारले, "या खुणा कशासाठी?"

मी म्हणाले, "दोन्ही तारेने एकमेकांना जोडायला हवेत. मोटरच्या सांगाड्यात वीज उतरली, तर मोटर आणि नळ यांच्यातल्या विजेच्या दाबात फरक राहू नये."

"मोटरला अर्थिंग दिलेलं आहे की."

"अर्थिंग बिघडू शकतं."

"उद्यापासून या," नाना म्हणाले. कागद त्यांनीही वाचले नाहीत.

या वर्षी नानांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्कार समितीने त्यांच्या कामाविषयी लिहिण्यास मला सांगितले आहे. समितीतील निम्म्या सदस्यांच्या कारखान्यांची वायरिंग नानांनी कधी ना कधी नापास केलेली आहे. तरीही त्यांनी हा गौरवग्रंथ काढला, याबद्दल त्यांचे आभार मानणे योग्य ठरेल.

नानांचे काम थोडक्यात सांगते. यंत्राच्या आतली तार उघडी पडून सांगाड्याला टेकली, तर सांगाडा हात लावणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून सांगाड्यापासून जाड तार काढून ती जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडतात. वीज त्या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो, यंत्र बंद पडते. एवढे सगळेच ठेकेदार करतात. पण आपली जमीन काळी आहे. श्रावणात ती ओली असते आणि तपासणीत प्रत्येक अर्थिंग चांगले ठरते. चैत्रात तिला भेगा पडतात, माती पत्र्यापासून सुटते आणि तीच तार निरुपयोगी होते. नाना खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, पाण्याची नळी सोडतात, आणि उन्हाळ्यात पुन्हा येऊन मोजतात. त्या फेरीचे पैसे कोणी देत नाही. शिवाय, माणसाचे दोन हात एका वेळी जिथे पोचतील तिथले सगळे लोखंड ते एकमेकांशी जोडतात. सगळे लोखंड एकत्र बांधलेले असेल, तर अर्थिंग सुकले तरी दोन हातांतल्या लोखंडांच्या विजेच्या दाबात फरक पडत नाही. महायुद्धाच्या काळात तांबे मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी कामे कमी घेतली; जोडण्या कमी केल्या नाहीत.

अशा माणसाला लोक मानतात, पण घरी बोलावत नाहीत. एका ओळखीच्या घरी लग्न होते. मांडवाच्या लोखंडी खांबांवर दिव्यांच्या तारा नुसत्या गुंडाळल्या होत्या आणि खाली वाढप्यांनी पाणी सांडले होते. नानांनी पंगतीतून उठून मुख्य खटका ओढला.

वधूपिते धावत आले. "नाना, जेवायला आलात की अंधार करायला?"

"दोन्ही करून जातो," नाना म्हणाले. त्यांनी तारा खांबांवरून काढून बांबूंवर घेतल्या, तोवर पंगत कंदिलाच्या उजेडात जेवली. त्यानंतरच्या लग्नसराईपासून नानांच्या दुकानी अक्षत येणे बंद झाले. लग्न पार पडल्यावर पेढे येतात. नाना ते खातात आणि कोणाचे लग्न होते ते विचारतात. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहतात.

त्यांच्या एका मायेच्या गोष्टीची नोंद व्हायला हवी. गावोगाव कामाला गेल्यावर नाना सर्वांत आधी घरातल्या बायकांना सांगत, "बाईंना आत नेऊन पाणी द्या." मला तहान नसली तरी सांगत. पुरुषांच्या कामावर दिवसभर उभ्या असलेल्या बाईला पाण्याखेरीज दुसऱ्या कारणानेही घरात जावे लागते आणि ते तिला मागता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. मला ते कळायला सहा महिने लागले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ती टाळून नानांविषयी लिहिणे खरे होणार नाही.

नाना हिवतापाने पडले असताना अमळनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचे काम मी एकटीने पूर्ण केले. ते माझे पहिले स्वतंत्र काम होते. सरकी काढण्याच्या यंत्रांची मोटर आणि टाकीचा नळ यांच्यामध्ये उभी राहून मी दोन्ही हात पसरले. नळापर्यंत हात पोचला नाही. मी मोटर आणि नळ जोडले नाहीत आणि तपासणीच्या कागदावर सही केली. चैत्रात खड्ड्यात पाणी घालायचे राहिले. ती जबाबदारी कारखान्याची होती. अर्थिंग सुकले आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटरची आतली तार उघडी पडली. फ्यूज उडाला नाही. मोटरला तेल घालणारे उखाभाऊ गावातले सर्वांत उंच गृहस्थ आहेत. त्यांनी एका हाताने मोटर धरून दुसऱ्या हाताने नळ उघडला. शेजारच्या माणसाने खटका ओढला म्हणून ते वाचले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून उघडत नाहीत.

चौकशी लागली. नानांचा ठेक्याचा परवाना आणि माझा सहीचा अधिकार, दोन्ही पणाला लागले. सल्ले पुष्कळ आले. एक ठेकेदार दुकानात येऊन माझ्यासमोरच म्हणाले, "नाना, बाईमाणूस ठेवलंत, आता भोगा. तिच्या नावावर टाका आणि मोकळे व्हा." दुसऱ्यांनी सुचवले की, नानांनी सगळे स्वतःवर घ्यावे, म्हणजे पोरीचे आयुष्य वाचेल.

नानांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. त्यांनी इलेक्ट्रिक इन्स्पेक्टरांना चार ओळी लिहिल्या. "मोटर आणि नळ न जोडण्याचा निर्णय बाईंचा. हात पसरून मोजण्याची पद्धत माझी. कोणाच्या हातांनी मोजायचे, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. पाणी न घालण्याची चूक कारखान्याची."

कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "यात खोटं काही आहे?"

"नाही."

"मग सही करा."

मी सही केली. नाना मला कामावरून काढून टाकतील असे वाटत होते, पण त्या दिवशी मी ते विचारले नाही. परवाना सहा महिने थांबवला गेला आणि माझा सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. त्या सहा महिन्यांत दुकानात जवळपास कोणीच आले नाही. नाना एका टोकाला बसत, मी दुसऱ्या. पण दुकान रोज आठ वाजता उघडत होते, आणि माझी खुर्ची रोज पुसलेली असे. आपली नोकरी शिल्लक आहे, एवढे मला त्यावरून समजले.

एका सकाळी नाना सुतळीचे रीळ आणि एक पाना घेऊन निघाले. "चला," एवढेच म्हणाले. आम्ही उखाभाऊंच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. नानांनी त्यांना उभे केले, चांगल्या हातात पाना दिला आणि दोन्ही हात पसरायला सांगितले. सुतळीचे एक टोक मी धरले.

उखाभाऊंची बायको दारात आली. "आंगरखा शिवतस का काय, नाना? मोजनं व्हतं ते तव्हय मोजनं व्हतं!"

उखाभाऊंनाच अवघड वाटले असावे. ते मला म्हणाले, "जाऊ द्या ताई. तुम्हना हात आखूड शेतस, मन्हा लांब. त्यामा तुम्हना काय दोस?"

नानांनी उत्तर त्यांच्याच बोलीत दिले. "दोस शे, उखाभाऊ. बाईन्हा बी शे, मन्हा बी शे. हात वर धर."

त्या सुतळीच्या मापाचा बांबू आज आमच्या प्रत्येक कामावर जातो. सर्वांत उंच माणूस, पसरलेले हात आणि हातातला पाना, एवढे त्यात धरलेले आहे. आपली जुनी रीत चुकीची होती, असे नाना नव्या वायरमनला पहिल्याच दिवशी सांगतात आणि कोणामुळे कळले तेही सांगतात. ते ऐकताना मी तिथेच उभी असते. त्यांनी माझे नाव कधी गाळले नाही. माझी इच्छाही तशी नाही.

वर्ष संपून माझा सहीचा अधिकार परत आला. तेव्हा नानांनी साक्रीच्या एका शाळेतील स्वतःच्या कामाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "माझं काम तुम्ही तपासा." मला वाटले, हा मान देण्याचा एक प्रकार असेल. पण शाळेत जाऊन पाहिले, तर पंप मांडला होता त्या खोलीत जिन्याचा लोखंडी कठडा जोडायचा राहून गेला होता. नानांना मोतीबिंदू आहे. कठडा सावलीत होता आणि त्यांना दिसला नव्हता. मी ते कागदावर लिहिले. लिहायला मला बराच वेळ लागला. नानांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला, खाली सही केली आणि म्हणाले, "बरं झालं."

पूर्व आणि पश्चिम खानदेशात मला कामावर ओळखणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांतले काही माझी स्तुती करतात, काही मी बाई आहे म्हणून माझे काम न बघताच नाकारतात. माझे काम नीट बघून त्यातली चूक दाखवणारे एकटे नाना आहेत. त्यांच्या बाबतीत ते काम करणारी मी एकटी आहे. या नात्याला काय म्हणावे, हे मला ठाऊक नाही.

नानांना दीर्घायुष्य लाभावे, अशी इच्छा या ग्रंथात सर्वजण व्यक्त करतील. माझ्या इच्छेत स्वार्थ आहे, तो लपवत नाही. नानांनी येत्या थंडीत डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. हिवतापाच्या गोळ्या विसरू नयेत. प्रकृती सांभाळून त्यांनी खूप वर्षे काम करावे. सोमवारी शिंदखेड्याला माझ्या एका कामाची तपासणी आहे. नानांनी सावकाश यावे, आणि चूक असेल तर ती सापडेपर्यंत थांबावे.