मागच्या सीटचं दार

मागच्या शुक्रवारी सकाळी इथे आखातात, आमच्या शहरातल्या बनेद अल-गार भागात, समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये, माझं चांगलं रंगात आलेलं भाषण अर्ध्यात बंद पडलं...

विषय होता इलेक्ट्रिक गाडी. आमची जुनी पेट्रोल गाडी बदलायची आहे आणि मेधाला, म्हणजे बायकोला, इलेक्ट्रिकच हवी आहे. मी कट्टर विरोधात. बॅटरीच्या आगीपासून टचस्क्रीनपर्यंत मिळेल ते सगळं वाचून काढलंय. इथल्या मराठी मंडळात माइक हातात आला की विषय कुठलाही असो, मी तिथे पोचतोच!

शेवटी मेधा म्हणाली, "वाचलंस खूप. आता चालवणाऱ्यांना विचारू या."

म्हणून त्या पार्किंगमध्येच नाश्त्याला दोघांना बोलावलं. ऑफिसमधला प्रसाद दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. आणि दापोलीचे सलीमभाई, इथे कित्येक वर्षं टॅक्सीवर.

"दादा, दोन उन्हाळे काढले, एसी एकदाही कुरकुरला नाही," प्रसाद सांगत होता. लांब जायचं तर चार्जिंग कुठे मिळेल ते आधी बघावं लागतं, हेही त्यानं कबूल केलं.

सलीमभाईंना पटेना. "अरे, आवाज नाय तर मागून आली कसा कळायचा? परवा महबूल्यात अशीच एक पाठीशी येऊन उभी ऱ्हायली. दचकून हातातला चाय सांडला माझ्या!"

"आणि तुमच्या टॅक्सीचा आवाज दस्मानपर्यंत जातो त्याचं काय?" प्रसादनं विचारलं.

"जाऊ दे ना. जिती आहे, एवढा तरी कळता!"

मला गंमत वाटत होती. रस्ते तेच, ऊन तेच, आणि दोघांचा अनुभव इतका वेगळा कसा? पण माझा मुद्दा वेगळाच होता. आमची मुलगी इरा, तीही तिथे आलेली, आठवीत आहे आणि गाडीत मागे बसते. उद्या अपघात झाला, आतली वीज गेली, तर बटणावर उघडणारं दार उघडेल का? माझी खरी भीती एवढीच... बाकी वाद वरवरचा.

"जे दार विजेशिवाय उघडत नाही," मी आवाज चढवला, "त्याच्याआड माझी मुलगी बसणार नाही!"

मेधानं तिथेच तोडलं. "प्रसाद, तुझ्या गाडीत मागे बस. बटण न दाबता दार उघडून दाखव."

प्रसाद बसला... आणि चाचपडायला लागला. दोन वर्षांत तो मागे कधी बसलाच नव्हता! अखेर दाराच्या कप्प्यात, रबरी मॅटखाली, एक छोटी पट्टी सापडली. ओढल्यावर दार उघडलं, पण त्याचा चेहरा उतरला होता.

मला तर चेवच आला. "बघा! आता आमची जुनी बघा. इरा, दाखव गं काकांना."

इरा आत बसली, मी बाहेरून दार लावलं. तिनं आतून हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. मग काच खाली करून शांतपणे म्हणाली, "बाबा, इट नेव्हर ओपन्स. यू ऑलवेज ओपन इट फॉर मी."

चाइल्ड लॉक... ती लहान असताना लावलेलं. शाळेपाशी, घरापाशी, रोज मी उतरून तिला दार उघडून देतो. मला वाटायचं, तो माझा लाड आहे.

सलीमभाई उठले, आपल्या टॅक्सीकडे गेले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आतून एक दार उघडून पाहिलं, मग सरकून दुसरंही.

गाडी कुठली घ्यायची ते अजून ठरलेलं नाही, आणि माझे आक्षेपही संपलेले नाहीत. पण आम्ही तावातावानं दिलेली सगळी मतं पुढच्या सीटवरची होती. शोरूममध्ये आता मी आधी मागे बसणार आहे... ते सुचवणाऱ्या मेधाचे आभार.

लॉक तिथल्या तिथे काढलं. घरी पोचल्यावर सवयीनं उतरून इराच्या दाराकडे वळलो... तर ती केव्हाच लिफ्टपाशी जाऊन उभी होती.