मोहरमचा वाघ आणि आत ओढलेलं पोट

जायचं ठरवलं ते मी नाही, माझ्या मायनं. नव्वदच्या दशकाची अखेर, मे महिना, शाळेला सुट्ट्या. मी भीमपूरकडच्या एका गावात मास्तर, आणि वजन म्हणाल तर शहाण्णव किलो. पोरं पाठीमागं काय म्हणायची ते मला चांगलं माहीत होतं. मी कुणासमोर बनियन काढत नसे. पैनगंगेत अंघोळीलासुद्धा बनियन घालूनच उतरायचो.

आणि माय म्हणते, "बापू, औंदा मोहरमले वाघ व्हाचं हाये तुले."

झालं होतं असं, की सातव्या वर्षी मला टायफॉईड झाला, तेव्हा मायनं तिच्या माहेरच्या पिराला नवस बोलला होता. पोरगं वाचलं तर वाघ करीन. तिकडे हिंदू असो की मुसलमान, नवस असला की उघड्या अंगावर पट्टे रंगवून, शेपूट लावून पिराच्या सवारीपुढं, म्हणजे मिरवणुकीपुढं नाचायचं. मी वाचलो, नवस राहून गेला. आता मायचे गुडघे धरले होते, आणि ते नवस फिटला नाही म्हणूनच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. अख्ख्या गावासमोर उघडं व्हायच्या विचारानं मला चार दिवस जेवण गेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर भीमपूरहून सकाळची बस पकडा. आदिलाबादला चहा घ्या आणि निर्मलकडे जाणारी गाडी धरून हायवेवर बोथच्या फाट्याला उतरा. फाट्यावरची मिरचीभजी सोडू नका, पाणी मात्र घरचं ठेवा. पुढं आम्हाला जीप मिळाली, आत बारा जण कोंबलेले. ड्रायव्हर मला बघून म्हणाला, "सेठ, तुमचे दोन टिकट लगेंगे." माझी बायको सुनंदा खिडकीकडे तोंड करून हसली. मी पोट आत ओढलं. ही माझी कॉलेजपासूनची सवय. चार लोक दिसले की श्वास धरायचा आणि पोट आत. बोथपासून मामाचं गाव बैलगाडीनं तासभर. रात्री ज्वारीची भाकरी आणि आंब्याचा ठेचा होता. दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराच्या घरामागं चिंचेखाली आम्ही चौघं वाघ उभे राहिलो. एकाच्या बरगड्या मोजता येत होत्या, एक साठीचा, आणि तिसरा नामदेव, लहानपणीच्या पोलिओनं एक पाय वाळलेला. रंगवणारे मस्तानचाचा बोथच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चाचांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं ते कोऱ्या पाटीकडे पाहावं तसं. मी बनियन काढलं आणि डोळे मिटून घेतले.

आधी सगळ्या अंगाला पिवळा ऑइलपेंट, मग वर काळे पट्टे. दोन तास हात पसरून उभं राहायचं. मे महिन्याची काहिली, रंगाचा वास, आणि पोट आत ओढलेलं. शेवटी चाचांनी ब्रश खाली ठेवला. कुणीतरी लिंबूसरबत दिलं, मी घटाघटा प्यालो आणि श्वास सुटला. पोट पुढं आलं. पट्टे फाकले आणि वळीतलं कोरं अंग उघडं पडलं.

चाचा जवळ आले. "पेट अंदर खींचे थे क्या, मास्तर?"

मी मान हलवली. चाचांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून सगळं पोट पुसून काढलं. "छोडो. पूरा छोडो. झूटा पेट मैं नई रंगाता."

सगळे बघत होते. मला काही ते जमेना. तेव्हा नामदेव म्हणाला, "सोडा न मास्तर. काऊन लाजून राह्यले? मी का पाय घरी ठेवून आलो काय?"

मी पोट सोडलं. पाठीतली कळ गेली. खरं सांगतो, मला रडू आलं, आणि चाचा तेवढ्यात खालचे पट्टे ओढायला बसले म्हणून बरं झालं.

मग तोंडावर वाघाचे मुखवटे चढले, डफडं वाजलं आणि आम्ही भर उन्हात गावभर नाचलो. नामदेव सगळ्यांच्या पुढं. माझं पोट ठेक्यावर हालत होतं आणि बाया मुद्दाम पोरं उचलून दाखवत होत्या, थो पाह्य, मोठा वाघ. मला आवडलं, लपवत नाही. पिराच्या दारात मायनं माझा मुखवटा वर केला, गूळ-चपातीच्या मलिद्याचा घास भरवला आणि पोटावर हात ठेवला.

"टायफाईडच्या आंदी असाच होता तू," म्हणाली. "मंग पार हाडं राह्यली होती तुही."

हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

वाघ होणार असाल तर रंगाआधी अंगाला खोबरेल तेल चोळा. मी चोळलं नव्हतं. परतल्यावर पैनगंगेच्या काठी सुनंदानं रॉकेल लावून तासभर घासलं, तरी बेंबीतला पिवळा आठवडाभर होता. त्या दिवशी पाण्यात बनियनशिवाय उतरलो.

मायचे गुडघे काही बरे झाले नाहीत. पण आता ती दुखण्यालाच नावं ठेवायची, नवसाला नाही.

जूनमध्ये शाळेचा ग्रुप फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, "श्वास धरा." सगळ्यांनी धरला, मी सोडला. फोटोत माझं पोट हेडमास्तरांच्याही पुढं आलंय. तो फोटो आजही आमच्या बैठकीत लावलेला आहे.